मे महिन्याआधी गावातले पाणी राखा: गोव्यातील ग्रामपंचायतींना आणि कोमुनिदादींना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच व पंच सदस्य,
तसेच कोमुनिदादींचे पदाधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या ग्रामसभेआधी हे पत्र तुमच्या हाती पडावे म्हणून ते आत्ताच लिहीत आहोत. आमच्यात मुलांना पोहायला शिकवणारे प्रशिक्षक आहेत, अग्निशमन सेवेत काम केलेले जवान आहेत आणि आरोग्य केंद्रांतल्या परिचारिका आहेत. आमची मागणी एकच आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्या गावात मुलांना पाण्यात उतरण्यासाठी एक राखलेली जागा असावी, आणि जिथे उतरणे जिवावर बेतेल तिथे जाणारी वाट खरोखर बंद असावी. नुसता फलक लावून वाट बंद होत नाही.

समुद्राकडे लक्ष द्यायला माणसे आहेत. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक उभे असतात. लाल-पिवळ्या बावट्यांमधल्या पट्ट्यात पोहायचे, लाल बावटा दिसला की उतरायचे नाही, हे आता बऱ्याच लोकांना ठाऊक झाले आहे. पण गावातला पोरगा रोज दुपारी समुद्रावर जात नाही. तो जातो वाळवंटीच्या, कुशावतीच्या किंवा रगाड्याच्या कोंडीत (नदीतल्या खोल डोहात), बंधाऱ्यावर, तिळारीच्या कालव्यावर, मानशीपाशी (खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी) मासे गरवायला, नाहीतर डोंगरावरच्या सोडून दिलेल्या चिरेखाणीत (जांभ्या दगडाच्या खाणीत). तिथे बावटा नाही, शिट्टी नाही, दोरी नाही आणि मोठे माणूसही नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर धबधबे, नद्या आणि खाणींत पोहण्यावर बंदीचे आदेश निघतात. ते निघायलाच हवेत. पण मेच्या उकाड्यात, आईवडील कामावर आणि शाळा बंद असताना, बारा-चौदा वर्षांचा मुलगा पाण्यापासून दूर राहील असे धरून चालणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे. बंदीने एक वेगळेच नुकसान होते. मुले घरी न सांगता जातात. ओळखीच्या काठावर कोणी बघेल म्हणून लांबच्या, आडबाजूच्या पाण्यावर जातात. आणि चौघांतला एक बुडाला की उरलेले तिघे घाबरून, कधी त्याचे कपडे लपवून, घरी येऊन गप्प बसतात. मुलगा सापडत नाही हे घरच्यांना दिवेलागणीला कळते. पाण्याखाली श्वास थांबल्यावर ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, तिथे ते दोन-तीन तास अशा भीतीत जातात. म्हणून प्रत्येक घरात आणि प्रत्येक वाड्यावर सुट्टी लागण्याआधी मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे: कुठेही गेला असाल, कोणाचेही ऐकले नसेल, तरी मित्र पाण्यात अडकला की ओरडा, धावा, पहिल्या दिसेल त्या माणसाला सांगा. तुम्हाला कोणी रागावणार नाही. हे वाक्य पंचायतीच्या वतीने, सरपंचांच्या तोंडून गेले तर त्याला वजन येईल.

आता जागांबद्दल. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक पंचाने आपल्या प्रभागातले सगळे पाणी पायी फिरून बघावे आणि वहीत उतरवावे: विहिरी, तळी, कोंडी, बंधारे, कालवे, मानशी, खाणी, बांधकामांवरच्या उघड्या टाक्या. जागेचे नाव, मालक कोण, काठ कसा आहे, मुले तिथे येतात का. येतात की नाही ते विचारायची गरज पडत नाही. पायवाट मळलेली असते, काठावर चपलांच्या खुणा, बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे असतात. मालकी हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण चिरेखाण अनेकदा कोमुनिदादीच्या (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) जमिनीत असते, काढणारा वेगळा असतो, परवाना खाण खात्याचा असतो आणि कुंपण कोणी घालायचे यावर सगळेच एकमेकांकडे बोट दाखवतात. पत्रव्यवहार चालू ठेवा, पण वाट बंद करण्याचे काम त्याच्यासाठी अडवू नका.

चिरेखाणीवर आम्ही सर्वांत जास्त लिहिणार आहोत, कारण आमच्या मते गावातली ही सर्वांत फसवी जागा आहे. नदीचा काठ उतरता असतो. पाय बुडतो, गुडघा बुडतो, कंबर बुडते आणि माणूस सावध होतो. खाणीत तसे नसते. चिरे थराथराने कापलेले असतात, म्हणून पाण्याखाली पायऱ्या असतात आणि एकेक पायरी पुरुषभर किंवा त्याहून खोल असू शकते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला मुलगा एक पाऊल पुढे टाकतो आणि थेट तळाला जातो. भिंती सरळ उभ्या, त्यावर शेवाळ, धरायला काही नाही. मे महिन्यात पाणी आटून खाली गेलेले असते, त्यामुळे पाण्यापासून काठ आणखी उंच होतो. चांगले पोहणारा मुलगाही वर चढता न आल्यामुळे दमून बुडतो, हे पालकांना सहसा सुचतच नाही. पोहता येणे आणि बाहेर पडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळाशी गाळ असतो, त्यात पाय रुततो आणि पाणी ढवळले की आत काहीच दिसत नाही. वरचे हातभर पाणी उन्हाने कोमट असते आणि खालचे एकदम गार लागते, त्याने दम लागतो.

मुले खाणीत बहुधा एकाच वाटेने उतरतात: ट्रक उतरायचा तो उतार. तो उतार पाण्यात शिरतो आणि पुढे अचानक संपतो. म्हणून पहिले काम त्या उताराचे. जेसीबी अर्धा दिवस मिळाला तरी पुरतो. उताराच्या तोंडावर आडवा चर खणायचा आणि त्याच मातीचा, दगडांचा दीड मीटर उंच बांध आतल्या बाजूला घालायचा. नुसत्या काटेरी तारेवर भिस्त ठेवू नका. खांब कुजतात, तार गंजते किंवा चोरीला जाते, आणि पुढच्या वर्षी तिथे मोकळी वाट असते. बाकी तिन्ही बाजूंना काठापासून निदान ३ मीटर मागे वई (कुंपण) घाला, कारण काठाची माती पावसानंतर सुटते आणि अगदी कडेला रोवलेला खांब मातीसकट खाली जातो. पावसाच्या सुरुवातीला करवंदी किंवा निवडुंग लावला तर दोन-तीन वर्षांत तो तारेपेक्षा चांगले काम करतो.

एवढे करूनही कोणी आत गेलेच तर बाहेर येण्याची सोय हवी. प्रत्येक भिंतीवर दर १० मीटरवर एक जाड दोर, ३० सेंटिमीटरवर एक अशा गाठी मारून, पाण्याखाली एक मीटर पोचेल एवढा सोडा. वरचे टोक झाडाला किंवा जमिनीत खोल गाडलेल्या लोखंडी सळईला बांधा. ज्यांना ही दोरी म्हणजे मुलांना आमंत्रण वाटते त्यांना आम्ही एवढेच सांगू की मुले दोरी बघून येत नाहीत, पाणी बघून येतात. शेवटचा उपाय खाण भरून काढणे किंवा एक बाजू उतरती करणे हाच आहे. त्यासाठी खाण व भूगर्भ खात्याकडे पंचायतीने ठरावासह यादी पाठवावी, आणि पुढे कोमुनिदादीने कोणालाही जमीन देताना खाण बंद करण्याची अट करारात घालावी.

बंधाऱ्यांचे गणित वेगळे आहे. पाणी अडवणाऱ्या फळ्या घातलेल्या असताना वरच्या अंगाला पाणी साचून खोल होते आणि शांत दिसते. फळ्यांच्या फटींतून पाणी जोरात ओढले जाते, तिथे पाय किंवा हात अडकू शकतो. खालच्या अंगाला काँक्रीटवर शेवाळ असते. त्यावर घसरून डोके आपटले की मुलगा बेशुद्ध होऊन वीतभर पाण्यातही बुडतो. पावसाआधी फळ्या काढतात तेव्हा खालचा प्रवाह काही मिनिटांत बदलतो. जलस्रोत खात्याकडून फळ्या काढण्याची तारीख आधी मागून घ्या आणि आदल्या संध्याकाळी खालच्या सगळ्या वाड्यांवर गाडी फिरवून सांगा. बंधाऱ्याच्या वर आणि खाली ३० मीटर कोणी उतरायचे नाही, ही एक बंदी मात्र काटेकोर पाळायला लावा.

पेडणे, डिचोली आणि बार्देशमधून जाणारा तिळारीचा कालवा, तसेच दक्षिणेकडचे साळावलीचे कालवे उथळ वाटतात. त्यांच्या बाजू तिरक्या आणि गुळगुळीत असतात. पडलेले मूल चढायला बघते, घसरते, पुन्हा चढते, आणि पाणी त्याला पुढे नेत राहते. रस्त्याखालून किंवा ओहोळाखालून पाणी जिथे बंद नळीत शिरते ती जागा तर जीवघेणीच. त्या तोंडाच्या २० मीटर आधी कालव्यावर आडवी दोरी बांधून तिला बंद झाकणाच्या रिकाम्या बाटल्या तरंगत्या लावायच्या, तोंडाला जाळी हवी आणि ठरावीक अंतरावर बाजूंना लोखंडी पायऱ्या हव्यात. या मागण्या लेखी करा.

खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतीच्या) गावांनी मानशीकडे बघावे. सुकतीला (ओहोटीला) मानशीचे दार उघडले की पोयीतले (आतल्या तळ्यातले) पाणी दाराकडे खेचले जाते आणि दारापुढचा खड्डा कायम खोल असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ही ओढ सर्वांत जास्त असते. शिनाणे, तिसऱ्या असे शिंपले काढायला गेलेल्या मुलांच्या बाबतीत चूक वेळेची होते. भरती आपल्या मागून, आधी पाठीमागच्या सखल भागात भरते आणि परतीची वाट तुटते. सुकतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. जाणत्या माणसाशिवाय मुलांनी खाडीत उतरू नये. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि त्याला लागून असलेल्या खाड्यांत मगरी आहेत. त्या गावांनी पोहण्याची जागा खाडीत निवडूच नये.

नदीच्या पात्राबद्दल एवढेच: रेती काढलेल्या ठिकाणी तळाला खड्डे पडतात आणि ते दर पावसाळ्यानंतर सरकतात. गेल्या वर्षी गुडघाभर असलेली जागा यंदा तशीच असेल असे मानू नका. आजोळी आलेल्या शहरातल्या मुलांना तर त्यातले काहीच माहीत नसते, आणि मामेभावांच्या मागे तीही उतरतात.

लहानग्यांचा धोका निराळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली आणि त्यांत जवळपास एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालची होती. ही मुले पोहायला जात नाहीत, चालता चालता पडतात. विहिरीचा कठडा निदान एक मीटर उंच हवा, त्याला लागून चढायला दगड, दोण किंवा धुण्याचा कट्टा नको, आणि वर लोखंडी जाळी हवी जिच्या सळयांत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसेल. बादली, टब आणि पिंप वापरून झाले की उपडे. बांधकामांवर राहणाऱ्या कामगारांची मुले या सुट्टीत दिवसभर जमिनीतल्या उघड्या टाक्यांच्या आसपास खेळतात. त्या टाकीवर झाकण नसेल तर पंचायतीने काम थांबवावे, इतके कडक व्हावे. ही मुले ग्रामसभेला येणाऱ्या घरांतली नसतात, म्हणून त्यांची आठवण कोणीतरी मुद्दाम ठेवली पाहिजे. सूचनाही मराठी-कोकणीबरोबर हिंदी आणि कन्नडमध्ये, चित्रासह लावा. फलकावर नुसते 'धोका' लिहिल्याने कोणी थांबत नाही. 'इथून तीन पावलांवर दोन पुरुष पाणी, चढायला जागा नाही' असे लिहिलेले मुलगा वाचतो.

आता राखलेल्या जागेविषयी. आमचा सगळा भर याच्यावर आहे. प्रत्येक गावात नसली तरी दोन-तीन गावांत मिळून एक जागा सापडतेच. तळ वाळूचा किंवा बारीक गोट्यांचा आणि हळूहळू उतरणारा असावा. प्रवाह तपासायला सुके पान सोडा. तीन सेकंदांत ते मीटरभराच्या पुढे गेले तर जागा सोडून द्या. काठापर्यंत रुग्णवाहिका येईल एवढा रस्ता असावा आणि मोबाईलला रेंज असावी. रेंज नसेल तर ती कुठे मिळते ते पाटीवर लिहा. सर्वांत बुटक्या मुलाच्या छातीएवढ्या पाण्यावर तरंगती दोरी ताणा, तिच्यापुढे कोणी जायचे नाही. रोज सुरू करण्याआधी एका माणसाने बांबू घेऊन तळ चाचपायचा: फुटक्या बाटल्या, सळया, नवा खड्डा.

वेळ दुपारी ३ ते संध्याकाळी ६. दोन राखणदार, दोघेही १८ वर्षांवरचे, पोहता येणारे आणि प्रथमोपचार शिकलेले. एकाने फक्त पाणी बघायचे, दुसऱ्याने बाकीचे सगळे. अर्ध्या तासाने पाळी बदलायची, कारण उन्हात चमकत्या पाण्याकडे एकटक बघणाऱ्याचे लक्ष तेवढ्यात थकते. पाणी बघणाऱ्याच्या हातात मोबाईल नको. दोघांवर २० पेक्षा जास्त मुले सोपवू नका. येताना वहीत नाव, जाताना नावापुढे खूण. मुलांच्या जोड्या लावा आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. गणती तीस सेकंदांत होते. फेफरे येणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी राखणदाराला आधी सांगावे. त्या मुलाबरोबर मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. रबरी ट्यूब हे जीव वाचवण्याचे साधन नव्हे. ती निसटते किंवा फुटते, आणि तिच्या भरवशावर मूल खोल पाण्यात गेलेले असते.

मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारनंतर सह्याद्रीवर गडगडाटी पाऊस होतो. गावात ऊन असले तरी वरून पाणी येते. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहत आला, किंवा काठावरच्या ओल्या रेषेच्या वर पाणी चढले की सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढायचे. मेघगर्जना ऐकू आली तरी तेच, आणि शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे पुन्हा कोणी उतरायचे नाही. मोसमी पाऊस गोव्यात साधारण ५ जूनच्या सुमारास येतो, पण काही वर्षी तो मेमध्येच येऊन ठेपतो. म्हणून जागा बंद करण्याचा अधिकार राखणदाराच्या हातात असावा, त्याला पंचाला फोन करून विचारावे लागू नये. राखणदारांना पंचायतीने मानधन द्यावे. फुकटात ठेवलेला राखणदार चौथ्या दिवशी येईनासा झाला तर त्याला दोष देता येत नाही.

याच जागेवर पोहणेही शिकवता येते. कांपाल, पेडे आणि फातोर्ड्याचे तरणतलाव उत्तम आहेत, पण सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या मुलाला ते परवडणारे अंतर नाही. बांगलादेशात खेड्यांतल्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून हजारो मुलांना शिकवले गेले. तिथे ठेवलेली कसोटी आपल्यालाही पुरेशी आहे: आधाराशिवाय २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगत राहणे, आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला मदत करणे. सहा वर्षांवरची मुले घ्या, एका शिक्षकाकडे पाचच. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली तर मुली येतात, नाहीतर काठावर बसून कपडे राखतात.

किशोरवयीन मुलांना मात्र तंत्रापेक्षा दुसरे काहीतरी सांगावे लागते. सोळा-सतरा वर्षांची मुले बुडतात ती बहुधा एखाद्या पैजेत. उडी कोण मारतो, पलीकडे कोण जातो, आणि कधी सोबत बीअरची बाटली असते. ५ मीटरवरून उडी मारणारा पाण्यावर ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आदळतो. खाली खडक असेल आणि डोके आधी गेले तर मानेचा मणका मोडतो आणि मुलगा जन्मभर अंथरुणाला खिळतो. ही मुले खाणीवर पोचतात तीही विना परवाना, एका स्कूटरवर तिघे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. ग्रामसभेत हे वाचून दाखवा. आणि याच मुलांमधून राखणदारांचे मदतनीस निवडा. जबाबदारी मिळालेला मुलगा लहानांना ओरडून बाहेर काढतो आणि स्वतः पैज लावत नाही.

बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होते, डोके मागे झुकते, हात बाजूंना पाणी दाबत राहतात, पाय जवळजवळ हलत नाहीत. लहान मूल असे २० ते ६० सेकंदच टिकते. शेजारी पोहणाऱ्याला वाटते की तो खेळतो आहे. 'काय रे, बरा आहेस ना?' असे विचारा. उत्तर आले नाही तर हालचाल करा.

हालचाल म्हणजे उडी नव्हे. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी एकाच घरातली भावंडे जातात, कारण बुडणारा जो हाती लागेल त्याला खाली दाबून वर यायला बघतो. म्हणून मुलांच्या येण्याजाण्याच्या प्रत्येक पाण्यावर दोन वस्तू कायम टांगलेल्या असाव्यात. एक, ४-५ मीटरचा सरळ बांबू. दुसरी, मच्छीमारीच्या दुकानात मिळणारी पाण्यावर तरंगणारी २० मीटर दोरी, जिच्या एका टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन पक्का बांधलेला. कॅनमध्ये पेलाभर पाणी घालून झाकण घट्ट लावा, म्हणजे तो वाऱ्याने भरकटत नाही. फेकताना दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबा आणि कॅन त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडेल असा टाका, दोरी त्याच्या खांद्यावर येईल. त्याने धरली की पोटावर आडवे पडून ओढा, उभ्याने ओढणारा स्वतः पाण्यात जातो. ही दोरी उन्हाने कडक होते, दर वर्षी बदला. काहीच नसेल तर साडी, पडवीतली शिडी, माडाचे झाप. मूल पाण्याखाली गेले असेल तर एकाने त्या जागेवरून नजर हटवायची नाही, बोट तिकडे रोखून ठेवायचे. साचलेल्या पाण्यात ते बहुधा बुडाले त्याच जागेच्या खाली सापडते.

बाहेर काढल्यावर जे घडते त्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. मुलाला पायांनी उलटे धरून फिरवू नका, पोट दाबून पाणी काढू नका. त्याने ओकारी होऊन तीच फुप्फुसांत जाते. पाठीवर सपाट झोपवा, डोके थोडे मागे, हनुवटी वर. दहा सेकंद छातीकडे बघा. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून, तोंडावर तोंड लावून आधी ५ श्वास द्या. प्रत्येक श्वासाला छाती वर आली पाहिजे. बुडण्यात शरीराला आधी प्राणवायू कमी पडलेला असतो, म्हणून इथे सुरुवात श्वासाने. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, असे चालू ठेवा. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे मुलात सुमारे ५ सेंटिमीटर आणि तान्ह्या बाळात छातीभोवती हात धरून दोन्ही अंगठ्यांनी ४. वेग मिनिटाला १०० ते १२०. ओकारी आली तर सगळे अंग एका कुशीवर वळवून तोंड पुसा आणि पुन्हा सुरू करा. दुसऱ्याने तेव्हाच १०८ ला फोन करायचा. जागेचे नाव, जवळचे देऊळ किंवा शाळा, आणि वाट दाखवायला कोण कुठे उभा राहील, एवढे सांगायचे. पाण्यात शोध घ्यायचा असेल तर १०१ वर अग्निशमन दलालाही कळवा. मूल शुद्धीवर येऊन बोलू लागले तरी इस्पितळात न्यायचेच. खोकला, धाप आणि गुंगी पुढच्या काही तासांत वाढू शकते, म्हणून ६ ते ८ तास डॉक्टरांच्या नजरेखाली हवे.

हे वाचून येत नाही, हाताने करून येते. अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालय असे प्रशिक्षण देते, काही गावांत शिकलेले आपदा मित्र (आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक) आहेत, आरोग्य केंद्रातली परिचारिकाही शिकवू शकते. प्रत्येक वाड्यावरचे पाच जण, त्यांत दुपारी घरी असणाऱ्या बायका नक्की, एवढ्यांनी एक रविवार दिला तर गाव तयार होते. बायकांचा उल्लेख मुद्दाम करतो आहोत. भर दुपारी ओरडा झाला की पहिल्या पोचतात त्या त्याच.

ग्रामसभेत मांडायचा ठराव लांब नको. पाण्याच्या जागांची यादी आणि प्रत्येक जागेपुढे जबाबदार पंचाचे नाव. कोणत्या वाटा ३० एप्रिलपूर्वी बंद होणार. राखलेली जागा कोणती, राखणदार कोण, मानधन कोणत्या निधीतून. बांबू आणि दोऱ्या कुठे टांगणार आणि दर सोमवारी त्या तपासणार कोण. जलस्रोत, खाण आणि अग्निशमन खात्यांना जाणारी पत्रे. ही यादी पंचायतीच्या फलकावर, रेशनच्या दुकानात आणि वाड्यावाड्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर लावा, म्हणजे दोरी गायब झाली तर ती कोणाला सांगायची ते लोकांना कळेल.

प्रशिक्षणासाठी आम्ही येऊ. आम्हाला फक्त सावली असलेली जागा, निदान २० माणसे आणि सराव करायला दोन जाड उशा लागतील. जागेची पाहणी करायची असेल तर सकाळी ९ च्या आत बोलवा. मे महिन्याचा पहिला आठवडा सुरू होण्याआधी ज्या पंचायती कळवतील त्यांच्याकडे आधी येऊ, आणि चिरेखाणी असलेल्या गावांना त्यातही पहिला मान देऊ.

कळावे,
आपले,
गोव्यातील पोहण्याचे प्रशिक्षक, माजी अग्निशमन जवान आणि परिचारिका